ऑर्गनपुढची खुर्ची

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो आईच्या मशीनच्या आवाजानं. रहिमतपूरच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर. वडील फौजेत. ते वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे, तेवढे दिवस घरात दाढीच्या साबणाचा वास असायचा. बाकी वर्षभर नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा. आई गावातल्या बायकांची ब्लाऊज, परकर आणि शाळेतल्या पोरींचे गणवेश शिवायची. उजेडासाठी मशीन खिडकीखाली होतं, पलीकडे गॅसवर घेवड्याची उसळ रटरटत असायची, आणि आई पायानं मशीन चालवता चालवता तोंडानं मला हुकूम सोडायची. "सुजे, घेवड्यात गूळ टाक. सुजे, त्या हुका लावायच्या राहिल्यात. सुजे, कुठं मेलीस?" लहान शिवणीला मशीन खडखड करायचं, लांब शिवण आली की त्या खडखडीचं सर्र व्हायचं आणि परकराचा सगळा घेर ते एका दमात फिरून यायचं. घरात कुठंही बसून मी नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता बाही चाललीय, आता घेर.

आई बसायची ते बाभळीचं एक बुटकं स्टूल होतं. त्याला पाठ नाही, हात नाहीत. लग्नानंतर मशीन आलं तेव्हा वडिलांनी गावच्या सुताराला घरी बोलावून, आईच्या पायांचं माप देऊन ते करून घेतलं होतं. मधोमध बसून बसून थोडा खड्डा पडलेला, आणि एका पायाला कायमची चिंधी गुंडाळलेली. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बसलेलं आईला चालायचं नाही. मी लहानपणी चढून बसायचे, तर माझे पाय लोंबकळायचे आणि आई पाठीत धपाटा घालून उठवायची. "पाय टेकल्याबिगर बसायचं न्हाई. पाय थांबला की दोरा गुततोय." सहावी-सातवीत कधीतरी माझे पाय टेकले. त्या दिवसापासून सरळ शिवणी माझ्याकडे आल्या आणि माझं खेळणं संपलं.

दुसरं वाद्य, म्हणजे मशीनला वाद्य म्हटलं तर, होतं भजनी मंडळाची पेटी. मारुतीच्या देवळाचं दार नीट लागत नव्हतं म्हणून ती पेटी आमच्या घरी ठेवलेली असायची. शनिवारी मंडळी येऊन घेऊन जायची, भजन झालं की परत आणून ठेवायची. मधले सहा दिवस ती माझी. मंडळातल्या म्हाताऱ्या पेटीवाल्या आबांनी हौसेनं बोटं दाखवली, बाकीचं मी चोरून, मांडी घालून, एका हातानं भाता मारत शिकले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पाय आईच्या मशीनवर, हात मारुतीच्या पेटीवर, आणि मी मधल्या मध्ये.

सांगलीला कॉलेजात गेले ती आमच्या घरातली मी पहिली. कॉलेजात जाताना काय काय न्यायचं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे आईनं लग्नाला देतात तसं सगळं दिलं. तांब्या, दोन ताटं, चटण्यांच्या तीन बरण्या आणि एक पोळपाट. होस्टेलच्या खोलीत तो पोळपाट बघून माझी पार्टनर रूपाली पलंगावर आडवी पडून हसली. रूपाली तासगावची, द्राक्षबागायतदाराची, उंच, मोठ्या आवाजाची, आणि पहिल्या दिवसापासून माझी मालकीण. "आगं, पोळपाट आणलास, सासू कुठाय?" मी इतकी बुजरी होते की मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या मुली माझ्याहून उंच वाटायच्या. पहिल्याच आठवड्यात मी स्टँडजवळच्या गाड्यावरून जाड तळव्याच्या उंच चपला घेतल्या आणि अंघोळ आणि झोप सोडून त्या पायातून काढल्या नाहीत. "आता कशी माझ्या खांद्याला लागलीस!" रूपाली म्हणाली. मला ते फार मोठं प्रशस्तिपत्रक वाटलं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजनं स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवायला घेतलं. सांगलीत नाटकाचं वेड घरोघरी असतं. आमच्या खानावळीतल्या मावशीसुद्धा पोळ्या लाटताना नाट्यपदं गुणगुणायच्या. कॉलेजच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एक ऑर्गन होता. खाली दोन पायटे, ते आळीपाळीनं दाबायचे, त्यानं हवा भरते, आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे. महापुरात खालचं सगळं सामान गेलं, ऑर्गनची खुर्चीसुद्धा दुरुस्तीला म्हणून खाली ठेवली होती ती वाहून गेली. ऑर्गन तेवढा वर होता म्हणून वाचला. तो वाजवणारे नाना पंच्याहत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. "बोटं अजून तिशीतली आहेत," ते म्हणायचे, "पण खालच्या मजल्यावर भाडेकरू राहिले नाहीत." म्हणून त्यांना वाजवणारं कुणीतरी हवं होतं.

कीबोर्ड वाजवणारी चार मुलं आली. हात सगळ्यांचे सुरेख, पण हात चालू झाले की त्यांचे पाय थांबत आणि ऑर्गन म्हातारीसारखा उसासा टाकून गप्प बसे. मी आणि रूपाली नुसत्या बघायला गेलो होतो. तिनं माझ्या पाठीत कोपर मारलं आणि ओरडून सांगितलं, "नाना, हिला पेटी येत्या!" मला पळूनच जायचं होतं. पण नानांनी बोट केलं, मी दारात चपला काढल्या आणि जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. पाय पायट्यांवर ठेवले आणि काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पाय आपोआप चालायला लागले. खडखड, खडखड, आणि मग सर्र. हात वर आपलं आपलं भजन शोधत होते आणि खाली पाय परकराचा घेर मारत होते. मला इतकं हसू आलं की सूर चुकला, तरी पाय थांबले नाहीत.

"पाय कुणी शिकवले गं?" नानांनी विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

हा शब्द मी का उच्चारला ते मला तेव्हाही माहीत होतं. तिथं सगळ्यांच्या आया शिक्षिका, डॉक्टर, निदान बँकेत तरी. माझी आई लोकांची ब्लाऊज शिवते, हे मला त्या हॉलमध्ये सांगता आलं नाही. आज मी साताऱ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि वर्गातली एखादी मुलगी वडिलांचा धंदा सांगताना मान खाली घालते तेव्हा तो "असंच" मला कानात ऐकू येतो.

पण खरी पंचाईत पुढंच होती. दोन ओळी वाजवल्या की मी खुर्चीसकट मागे सरकायचे. पाय पायट्यांवर पुरते पोचत नव्हते म्हणून मी पुढे घसरायचे, पुढे घसरले की खुर्ची मागे रेटली जायची. एक पद संपेपर्यंत मी तबलजीच्या मांडीपाशी जाऊन पोचले. "ताई, तिकीट काढलंय का?" त्यानं विचारलं. आणि नाटकाच्या शेवटी तर एक अशी जागा होती की नायिका गाणं थांबवून रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते आणि तेवढा वेळ ऑर्गननं एकच सूर धरून ठेवायचा. ती निम्म्यात पोचली की माझे पाय निसटायचे आणि सूर मरायचा. नायिका बिचारी मधेच उभी. आमचे दिग्दर्शक सर चांगले होते, पण स्पर्धा तोंडावर आली होती. ते म्हणाले, "सुजाता, गुरुवारच्या तालमीत तो सूर टिकला तर तू. नाही तर मिरजेचा एक कीबोर्डवाला बोलावून ठेवलाय. वाईट वाटून घेऊ नकोस." माझ्याकडे सहा दिवस होते. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटली होती की रात्रीचं जेवण जात नव्हतं.

"तुझ्या पायाची खुर्ची शोध," नाना म्हणाले. "खुर्ची मिळाली की सूर टिकला."

त्याच संध्याकाळी होस्टेलच्या व्हरांड्यात रूपालीनं मला खांबाला टेकून उभं केलं आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत सुतळीनं माप घेतलं. तिथं एक पक्की गाठ मारली. "ह्या गाठीला जी खुर्ची लागंल ती आपली," ती म्हणाली. ती सुतळी तिनं ओढणीसारखी गळ्यात टाकली आणि पुढचे पाच दिवस आम्ही दोघींनी सांगली पालथी घातली. आज मागे वळून बघते तर ते पाच दिवस मला एका लांबलचक हसण्यासारखे आठवतात.

पहिल्यांदा आम्ही फर्निचरच्या दुकानात गेलो. रूपाली प्रत्येक खुर्चीला सुतळी लावायची, गाठ जुळली की मी बसायचे आणि हवेत पाय मारून बघायचे. दुकानदार काउंटरवरून बघत होता. चौथ्या खुर्चीला तो म्हणाला, "ताई, खुर्ची घ्यायचीय का सायकल?" रूपाली म्हणाली, "सायकल असती तर घंटी वाजवली असती की ओ." पण एक खुर्ची अगदी गाठीला लागली, माझे पाय मस्त टेकले, आणि त्या भल्या माणसानं ती आठ दिवसांच्या बोलीवर दिलीही. आम्ही ती दोघींनी डोक्यावर धरून हॉलपर्यंत आणली. दारात चपला काढल्या, खुर्ची ठेवली, बसले. पाय टेकेनात! दुकानात टेकले होते, इथं टेकेनात. रूपालीनं पुन्हा सुतळी लावली. गाठ बरोबर. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

"पायटे तिरके आहेत, त्यानं होत असेल," मी घाबरत म्हणाले.

"मग तिरकी बस," रूपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपायाला भडंगाचा पुडा देऊन आम्ही ऑफिसातली फिरती खुर्ची आणली. तिला खालून दांडी होती, त्यानं ती गाठीवर आणता आली. बसले, वाजवायला लागले, तर डावा पाय मारला की मी उजवीकडे आणि उजवा मारला की डावीकडे. रूपालीनं मागून खुर्ची धरली, तर तीही माझ्याबरोबर डोलायला लागली. नाना डोळे पुसत म्हणाले, "हे नाटक आपण विनोदी करू या का?" तिसऱ्या दिवशी आम्ही एका सुताराकडे गेलो, कॉलेजच्या अडगळीतली एक लाकडी खुर्ची घेऊन. त्यानं सुतळी लावून चारी पाय गाठीबरोबर कापले. केसाचाही फरक नाही. हॉलमध्ये आणली तर पुन्हा तेच, टाचा अधांतरी. आम्ही परत त्याच्याकडे. तो रागावला. "पोरींनो, खोट सुतळीत असंल, करवतीत न्हाई!" आम्ही त्यालाच हसलो. सुतळीत कसली खोट असणार?

चौथ्या दिवशी रूपाली मला तासगावला घेऊन गेली. त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पसरलेली, आणि सगळीकडे असा गोड आंबूस वास की मी चालता चालता मूठ मूठ बेदाणे खात होते. तिथं आम्ही द्राक्षांचे क्रेट एकावर एक रचून बघितले. तिच्या थोरल्या भावानं कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि ट्रॅक्टरचं जुनं सीट काढून दिलं. "ह्याच्यावर बसून मी बारा-बारा तास दोन पाय, दोन हात चालवतोय. तुझी पेटी काय त्याच्यापेक्षा जड हाय?" आम्हाला ते एकदम पटलं. येताना एसटीत ते सीट मी मांडीवर घेतलं होतं, आणि सगळी एसटी विचारत होती, "ट्रॅक्टर कुठं ठेवलाय?" पाचव्या दिवशी अडगळीतल्याच एका बुटक्या बाकड्यावर मोजून-मापून ते बांधलं, गाठीबरोबर. मी बसले. त्याला स्प्रिंग होती. पहिल्या पायट्याला मी जी वर गेले ती खाली येताना तीन स्वर एकदम दाबूनच आले. नानांना इतकं हसू आलं की त्यांनी दातांची कवळी काढून रुमालात ठेवली.

मग हसता हसता मला एकदम रडू फुटलं. उद्या गुरुवार होता. हॉलमध्ये चार खुर्च्या ओळीनं उभ्या, सगळ्या गाठीला लागणाऱ्या, आणि एकही माझी नाही. मला वाटलं, खुर्च्या ठीक आहेत, माझंच काहीतरी चुकतंय. ज्या घरात माणसं जमिनीवर बसतात तिथल्या पोरीला खुर्चीवर बसता येत नाही, एवढा साधा अर्थ मी त्यातून काढला. खरं सांगायचं तर आईचं स्टूल मला पहिल्या दिवशीच आठवलं होतं. पण कॉलेजच्या वाद्याला कॉलेजसारखी खुर्ची पाहिजे, चिंधी बांधलेलं स्टूल कसं चालेल, म्हणून मी ते मनातच परत ठेवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. "आये, तुझ्या मशीनच्या स्टुलाची उंची किती आहे गं?"

मागे मशीन चालू होतं, ते थांबलं. "का गं? शिकायला गेलीस का शिवायला?"

मग मी सगळं सांगितलं. नाटक, ऑर्गन, पायटे, गुरुवार. नाटकात आहे हे घरी सांगितलंच नव्हतं, तेही सांगितलं.

"मोजून सांगतेस का?" मी विचारलं.

"मोजून काय व्हतंय? उद्या येते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या "उद्या येते"मुळे मला रात्रभर घाम फुटला. आमच्या गावात शिकायला गेलेल्या पोरीकडे आई अचानक येते ती तिला परत न्यायला. रूपाली म्हणाली, "न्यायला आली तर मी तुझ्या जागी जाते. पोळपाट तयारच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टँडवर गेलो. कराडकडून गाडी आली, खच्चून भरलेली. दार उघडलं, माणसं उतरायला लागली, आणि त्यांच्यामधून मला आई दिसली. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या मधल्या वाटेत, आपल्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन, सिंहासनावर बसावं तशी बसलेली. लोक तिला वळसा घालून उतरत होते. कंडक्टर मला म्हणाला, "तुमच्या का ह्या? कराडपासनं वाट अडवून बसल्यात. उठा म्हटलं तर म्हणतात, माझी जागा मी घरनं आणलीया." आई स्टूल उचलून खाली उतरली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "वाळलीस की गं. जेवत न्हाईस व्हय?" रागावलेली वाटत नव्हती. मला तरी अजून भरवसा नव्हता.

हॉलच्या दारात आम्ही तिघींनी चपला काढल्या. आत नाना, सर, तबलजी आणि गाणारी सगळी मुलं जमलेली. आईनं ओळीनं उभ्या असलेल्या खुर्च्या बघितल्या, ट्रॅक्टरचं सीट बघितलं. "लगीन हाय का कुणाचं?" तिनं विचारलं. मग ती ऑर्गनपाशी गेली, खाली वाकली, हातानंच एक पायटा दाबून बघितला आणि सरळ झाली. "ह्येच व्हय? मला वाटलं लय काय अवघड असंल."

रूपालीच्या गळ्यात सुतळी होतीच. आईची नजर तिच्यावर गेली. "ही काय?"

"माप हाय, मावशी. सुजाताच्या पायाचं. ही गाठ बघा."

आईनं सुतळी हातात घेतली. गाठ बघितली, माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं जी बाई माणसांची मापं घेत आली तिला सुतळी हातात घेतल्याबरोबरच काहीतरी खटकलं असणार. "हिकडं ये. सरळ उभी ऱ्हा." तिनं सुतळीचं टोक माझ्या टाचेखाली दाबलं आणि वर ताणलं. गाठ खोबणीला लागायच्या ऐवजी वर गेली. आईनं खोबणी आणि गाठ यांच्या मध्ये आपली बोटं आडवी ठेवली. एक, दोन, तीन. बरोबर तीन बोटं.

"रूपे, माप कुठं घेतलंस?"

"होस्टेलात. व्हरांड्यात."

"तवा हिच्या पायात काय व्हतं?"

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. तिथं उंबऱ्याबाहेर आमच्या तिघींच्या चपला होत्या, आणि त्यांत माझ्या त्या जाड तळव्याच्या, उंच, स्टँडजवळच्या गाड्यावरच्या. तीन बोटं उंच. व्हरांड्यात त्या पायात होत्या, दुकानात होत्या, शेडमध्ये होत्या. आणि वाद्यापाशी यायचं म्हणून दर वेळी, न चुकता, मी अगदी भक्तिभावानं त्या दारात काढून ठेवत होते.

रूपाली मटकन खाली बसली. सर हसत सुटले, तबलजीनं तबल्यावर डोकं ठेवलं. आई मात्र माझ्यावर बरसली. "माझ्या मशीनच्या पायाशी वाढलीस तू! परकराचं माप द्यायला आलेल्या बायकांना मी काय सांगती? चपला काढा, सरळ उभ्या ऱ्हावा. किती येळा ऐकलंस? आणि कॉलेजात येऊन येवढं इसरलीस?"

नाना पुढे आले. त्यांनी हात जोडले आणि आईला विचारलं, "पाय तुम्ही शिकवलेत होय हिला? मला म्हणाली, असंच."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं जमीन फाटावी. तिला सगळं कळलं होतं, ते मला तिच्या भुवईवरून कळलं. पण ती नानांना म्हणाली, "असंच न्हाई ओ. मार खाऊन शिकलीया." आणि हॉल पुन्हा हसण्यानं भरला. त्या हसण्याच्या आडून मी नानांना सांगितलं, "आई मशीनवर कपडे शिवते. मी तिथं शिकले." आवाज फार लहान निघाला. नाना म्हणाले, "मग आधी सांगायचं की. मी पाच दिवस खुर्च्या बघत बसलो, मशीन नसतं का बघितलं?"

सुताराची कापलेली खुर्ची आणखी कापता आली असती. पण आईनं आपलं स्टूल ऑर्गनपुढे ठेवलं आणि चिंधीचा पाय भिंतीकडे केला. "बस." मी बसले. पोरीचा पाय आईच्या पायाएवढा कधी होतो ते कुणाला कळत नाही. मला त्या क्षणी, त्या हॉलमध्ये, दोन्ही टाचा पायट्यांवर सपाट टेकल्या तेव्हा कळलं. मधला तो खड्डासुद्धा मला बरोबर बसला. आईनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "माझ्याच पायाची हायस."

मग तालीम सुरू झाली. शेवटच्या जागेला नायिका थांबली, चालायला लागली. मी सूर धरला. माझ्या पाठीमागे आई उभी होती. नायिका निम्म्यात पोचली, पुढे गेली, पडद्याच्या टोकाला जाऊन वळली, आणि सूर अजून चालूच. मी हसत होते, थांबायचंच विसरले होते. "बास गं बाई, पोचली ती!" सर ओरडले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मिरजेच्या कीबोर्डवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं.

प्रयोग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता, म्हणून आई राहिली. नाट्यगृहात तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं, लाल मऊ खुर्चीत. मी खाली कोपऱ्यात ऑर्गनपाशी होते, तिथून ती मला स्पष्ट दिसत होती. खुर्ची तिला उंच होत होती, तिचे पाय अधांतरी लोंबत होते, माझे लहानपणी लोंबायचे तसे. पहिल्या अंकात तिनं चार वेळा बसणं बदललं. आणि शेवटी ती लांब जागा आली, मी सूर धरला, नायिका चालायला लागली, सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं, तेव्हा मी एकदाच मान वळवून बघितलं. आईचे दोन्ही पाय हवेत चालले होते. डावा, उजवा, डावा, उजवा, माझ्याच लयीत. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. नायिका पोचेपर्यंत ती थांबली नाही, आणि मीही.

बक्षीस आमच्या नाटकातल्या नेपथ्याला मिळालं. नाना म्हणाले, "त्यांनी स्टूल बघितलेलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली. आम्ही सुताराकडे जाऊन ती खुर्ची तीन बोटं आणखी कापून आणली होती, आता स्टूल तिला परत न्यायचं होतं; गावात दोन लग्नांची ब्लाऊज तिची वाट बघत होती. होस्टेलच्या दारात ती चपला घालता घालता थांबली. माझ्या त्या उंच चपलांकडे तिनं थोडा वेळ बघितलं. "बघू तरी," म्हणाली, आणि पाय घातला. मग दुसरा. दोन पावलं चालून बघितली, रूपालीच्या खांद्याशी खांदा लावून बघितला. "बरं दिसतंय की गं इथनं," ती म्हणाली, आणि तशीच स्टूल उचलून चालू लागली. मागायचं धाडस मला झालं नाही.

गाडीत मागच्या दोन सीटा रिकाम्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मागं जागा हाय की." आई म्हणाली, "असू दे. ह्येच बरं पडतंय." तिनं मधल्या वाटेत स्टूल मांडलं आणि बसली, तर उंच चपलांमुळे तिचे गुडघे पोटापर्यंत आले. खिडकीतून मी बघत होते. तिनं इकडेतिकडे बघितलं, हळूच दोन्ही चपला काढून स्टुलाखाली सरकवल्या, आणि पाय सपाट टेकवले. गाडी हलली.

मी होस्टेलवर परतले ती आईच्या चपट्या, झिजलेल्या चपला घालून, तीन बोटं बुटकी होऊन. रूपाली वरून म्हणाली, "आता पुन्हा माझ्या काखेत आलीस बघ." मला काहीच वाटलं नाही. माझे पाय जमिनीला लागत होते आणि रस्ताभर खडखड, खडखड, सर्र करत होते.